दात हलायच्या आधी

हिरड्यांच्या आजारावर साध्या मराठीत, कुणालाही वाचता येईल असं पुस्तक लिहायचं लेखिकेनं ठरवलं तेव्हा तिनं मला विचारलं, सुरुवात कुठून करू? मी म्हटलं, रक्तापासून कर. सकाळी चूळ टाकल्यावर बेसिनमध्ये जी गुलाबी रेघ उमटते, पेरूचा घास घेतल्यावर फोडीवर जो लाल डाग राहतो, तिथून. हिरड्यांचा आजार पूर्णपणे मागे फिरवता येतो तो त्या टप्प्यावर. लोक आमच्याकडे येतात ते मात्र दात हलायला लागल्यावर. मधल्या कित्येक वर्षांत त्या रक्ताकडे कुणी आजार म्हणून पाहिलेलंच नसतं. ब्रश जोरात लागला असेल, अंगात उष्णता वाढली असेल, नवी पेस्ट मानवली नसेल, अशी कारणं घरातल्या घरात सापडतात आणि विषय तिथंच संपतो.

लेखिका माझी विद्यार्थिनी, आता स्वतः हिरड्यांची तज्ज्ञ. तिनं या पुस्तकात उपचारांची माहिती सविस्तर दिली आहे, ती मी इथं पुन्हा सांगणार नाही. मला बोलायचं आहे ते उपचारांच्या आधीच्या काळाबद्दल, म्हणजे आजार सुरू झालेला असतो पण माणूस अजून स्वतःला निरोगी समजत असतो त्या काळाबद्दल.

निरोगी हिरडी कशी दिसते हे पुष्कळांनी आरशात कधी निरखलेलं नसतं. ती घट्ट असते, तिची कड पातळ असते आणि दोन दातांच्या मधल्या जागेत ती टोकदार होऊन फट भरून टाकते. पुस्तकांतलं वर्णन फिकट गुलाबी रंगाचं असतं, पण आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर मुळातच तपकिरी-काळसर छटा असते आणि त्यात काही बिघाड नाही. (ही छटा लेझरनं घालवून द्या म्हणणारे तरुण हल्ली बरेच येतात. त्यांना मी आधी विचारते, घासताना रक्त येतं का?) हिरडी दाताभोवती शर्टाच्या कॉलरसारखी बसलेली असते. वरची कड मोकळी, थोडं खाली घट्ट शिवलेली. मोकळ्या कडेच्या आत बारीक खाच असते आणि निरोगी तोंडात तिची खोली साधारण 1 ते 3 मिलिमीटर भरते. सगळा आजार या एवढ्याशा जागेत सुरू होतो.

दात घासून झाल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा पातळ, चिकट थर बसू लागतो. नुसत्या चुळा भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. एखाद्या कोपऱ्यात तो काही दिवस तसाच राहिला की लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे कडक होतो. मग त्याला आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सर्वांत जास्त साचतं, कारण लाळग्रंथींची तोंडं त्यांच्याजवळ उघडतात. कीटण खरबरीत असल्यामुळे त्यावर नवा थर आणखी सहज बसतो. हिरडी या थराशी लढायला लागते. तिच्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, कड जाडसर आणि मऊ होते, खाचेच्या आतलं अस्तर इतकं नाजूक होतं की ब्रशचा हलका स्पर्शही त्याला सोसत नाही. रक्त येतं ते यामुळे. अशा वेळी बहुतेक माणसं नेमकी तेवढी जागा घासायची टाळतात, थर आणखी वाढतो आणि रक्तही.

या टप्प्याला आम्ही जिंजिव्हायटिस म्हणतो. सूज फक्त हिरडीत असते, दाताला धरून ठेवणारं हाड अजून शाबूत असतं. याच्या पुढचा टप्पा पेरिओडॉन्टायटिस, ज्याला आपल्या आईवडिलांची पिढी पायोरिया म्हणत आली. त्यात हिरडीचा दाताशी असलेला सांधा सुटतो, खाचेचा खोल खिसा होतो आणि हाड झिजू लागतं. झिजलेलं हाड बहुतेक रुग्णांत पुरतं परत येत नाही. आहे ते टिकवणं, फार तर काही जागी शस्त्रक्रियेनं थोडं भरून काढणं, एवढंच आमच्या हाती उरतं. म्हणूनच या दोन टप्प्यांमधली सीमा मला इतकी महत्त्वाची वाटते.

जंतू तोंडात असतात हे माणसाला फार आधी दिसलं होतं. डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्यानं स्वतःच्या दातांमधला पांढरा थर खरवडून आपण घडवलेल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यात हालचाल करणारे जीव दिसल्याचं 1683 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. पण हिरडी याच थरामुळे सुजते हे माणसांवर नीट दाखवून दिलं गेलं ते 1965 साली, डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे. हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो प्रयोग मी आजवर प्रत्येक वर्गाला पहिल्याच तासाला सांगत आले, कारण त्याच्याइतका साधा आणि निर्णायक प्रयोग आमच्या शास्त्रात दुसरा नाही. निरोगी हिरड्यांची बारा माणसं घेतली. त्यांतले नऊ जण दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. सगळ्यांना सांगितलं, दात घासणं पूर्ण बंद. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांच्या हाती पुन्हा ब्रश दिला आणि सुमारे आठवडाभरात बाराही जणांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. मध्ये कसलंही औषध नव्हतं. हिरड्या सुजायला तीन आठवडे पुरतात आणि त्या पूर्ववत व्हायला एक, हे आपल्या घरात लहानमोठ्या सर्वांना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

लो यांचं दुसरं काम आपल्या शेजारचं आहे. 1970 साली त्यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या 480 मजुरांच्या तोंडांचा अभ्यास सुरू केला आणि पंधरा वर्षं ते पुन्हा पुन्हा तपासत राहिले. हे मजूर ब्रश वापरत नव्हते आणि दंतवैद्याची सोय त्यांना कधी मिळालेली नव्हती. आजाराला कुणी अडवलं नाही तर तो आपल्या चालीनं कसा जातो, हे त्यातून दिसणार होतं. हिरड्या जवळजवळ सर्वांच्या सुजलेल्या, कीटण सर्वांच्या दातांवर. पण नुकसान सारखं नव्हतं. सुमारे 8 टक्के लोकांत आजार झपाट्यानं पुढे गेला, 81 टक्क्यांत मध्यम गतीनं, आणि 11 टक्के लोक हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलेच नाहीत. वयाच्या पस्तिशीला पहिल्या गटात दाताचा सांधा सरासरी 9 मिलिमीटर सुटलेला होता, दुसऱ्यात 4, तिसऱ्यात 1 पेक्षाही कमी.

या आकड्यांपाशी थोडं थांबायला हवं. आमच्या आजोबांनी जन्मभर राखुंडीनं दात घासले आणि नव्वदीत ऊस खाल्ला, असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. ते खोटं बोलत नसतात. आजोबा त्या अकरा टक्क्यांतले असतील. पण नातू कोणत्या गटातला आहे हे आजोबांच्या ऊस खाण्यावरून कळत नाही आणि आरशात पाहूनही कळत नाही. मळ्यातल्या त्या माणसांपैकी कोण कुठल्या गटात जाणार हे विशीत वरवर पाहून कुणालाच सांगता आलं नसतं. त्यासाठी मोजावं लागतं, काही काळानं पुन्हा मोजावं लागतं. हिरड्यांच्या तज्ज्ञाचं अर्धं काम हे मोजण्याचंच आहे.

आपल्याकडचं जुनं ज्ञान या बाबतीत लोकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी अचूक होतं. सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग वेगळे सांगितले आहेत. त्यांतल्या शीतादाच्या वर्णनात अचानक रक्त येणारी, मऊ पडलेली, दुर्गंधी सुटलेली हिरडी आहे. कीटणाला तिथं दंतशर्करा म्हटलं आहे आणि दंतमूलाला इजा होऊ न देता ती शस्त्रानं काढून टाकावी, असा वैद्याला स्पष्ट आदेश आहे. क्लीनिंग हे परदेशी थोतांड आहे आणि त्यानं दात खिळखिळे होतात, असं मला आयुर्वेदाचा दाखला देऊन सांगणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

त्या समजाबद्दल इथंच बोलते, कारण लवकर न येण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे. क्लीनिंग केलं की दात हलतात, फटी पडतात, असं लोक सांगतात आणि अनुभवावरून सांगतात. खरं घडतं ते असं. हाड आधीच झिजलेलं असतं, हिरडी खाली सरकलेली असते आणि त्या रिकाम्या जागेत कीटणाचे थर बसून दात एकमेकांना चिकटल्यासारखे धरले गेलेले असतात. कीटण निघालं की झालेलं नुकसान उघडं पडतं. पाणी दातांना झोंबतं, जीभ फटींत अडकते. जो माणूस दहा वर्षं आधी आला असता त्याला यातलं काहीही जाणवलं नसतं. उशिरा येण्याचा हा भोग क्लीनिंगच्या माथी मारला जातो, शेजारीपाजारी तो किस्सा सांगितला जातो आणि आणखी चार माणसं दहा वर्षं उशिरा येतात.

दुसरं कारण आपल्या महाराष्ट्राचं खास आहे, ते म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड बोटानं दातांना आणि हिरड्यांना चोळायची. घरातली आजी लावते म्हणून सून लावते, सुनेचं पाहून नात. मी विचारते, "मावशी, मशेरी किती वेळा लावता?" उत्तर येतं, "सकाळी एकदा आन् जेवल्यावर. तिच्याबिगर पोट साफ होत नाही बघा." पोट साफ होतं ते निकोटिनमुळे, आणि तेच निकोटिन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं. त्यामुळे आतून हाड झिजत असतानाही हिरडी फारशी लाल दिसत नाही आणि रक्त कमी येतं. सिगारेट, बिडी, तंबाखू यांचं असंच आहे. ज्या एका खुणेवर आपण विसंबून राहायचं ती खूणच तंबाखू पुसून टाकते. मग मशेरीनं दात घट्ट राहतात, रक्तही थांबतं, ही खात्री आणखी पक्की होते. 1992 साली केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला बंदी घातली. 2012 साली महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी आणली. तव्यावर भाजलेल्या तंबाखूला मात्र कायदा नव्हे, घरातलीच कुणीतरी बाई थांबवू शकेल. तंबाखू लावणाऱ्यांनी, ओढणाऱ्यांनी, चघळणाऱ्यांनी रक्ताची वाट न पाहता तपासून घ्यावं. हे त्यांना धाक घालायला म्हणत नाही. त्यांच्या शरीरानं धोक्याची सूचना देणं बंद केलेलं असतं, म्हणून म्हणते.

हिरड्यांचा तज्ज्ञ म्हणजे कोण, हा प्रश्न मला शिकलेली माणसंही विचारतात. बीडीएसनंतर तीन वर्षं केवळ हिरड्या आणि दाताला धरून ठेवणारं हाड यांचा अभ्यास करून एमडीएस झालेला दंतवैद्य, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट. या शाखेला स्वतंत्र संघटनेचं रूप अमेरिकेत 1914 साली ग्रेस रॉजर्स स्पॉल्डिंग आणि जिलेट हेडन या दोन स्त्री दंतवैद्यांनी दिलं, हे मला विशेष अभिमानानं सांगावंसं वाटतं. साध्या सुजेसाठी नेहमीचा दंतवैद्य पुरेसा असतो. नीट क्लीनिंग झालं, घरी घासणं सुधारलं आणि तरी दोन-तीन आठवड्यांनी रक्त थांबलं नाही, तर तज्ज्ञाकडे जायला हवं. हिरडी खाली सरकून दात लांब दिसू लागले, दोन दातांमध्ये नवी फट पडली, हिरडी दाबल्यावर पू आला, तोंडाचा वास घासूनही जाईना, तर वाट पाहायचीच नाही. दुखण्याची वाट तर कधीच पाहू नये, कारण हा आजार वर्षानुवर्षं न दुखता पुढे जातो.

तज्ज्ञाकडे पहिल्या भेटीत काय होतं याची लोकांना नाहक भीती असते. सुई नाही, चिरफाड नाही. प्रोब नावाची एक बारीक, बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा केलेली सळई हिरडीच्या खाचेत अलगद सोडतात. जोर फार तर पंचवीस ग्रॅमचा. प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली मोजतात आणि रक्त कुठे आलं याची नोंद करतात. सहायक डॉक्टर आकडे लिहून घेत असतात, तीन, दोन, तीन, दोन, पाच. तो पाच ऐकला की आम्ही थांबतो आणि ती जागा पुन्हा तपासतो. तुम्हीही ऐकत राहा आणि शेवटी तो तक्ता मागून घ्या, तो तुमचा आहे. मोजलेल्या जागांपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी ठिकाणी रक्त आलं आणि खोली तीनच्या आत राहिली तर हिरड्या निरोगी समजतात. हाडाची उंची पाहायला एक्स-रे लागतो. अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी 2017 साली शिकागोत एकत्र बसून या आजाराची नवी वर्गवारी ठरवली. नुकसान किती झालं ते सांगणारे चार टप्पे आणि ते किती वेगानं वाढेल ते सांगणाऱ्या ए, बी, सी अशा तीन श्रेणी. सांधा 1 ते 2 मिलिमीटर सुटला तर पहिला टप्पा. दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणारा आणि मधुमेहात एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) सात किंवा त्यावर असणारा, दोघंही थेट सी श्रेणीत जातात.

मधुमेहाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण आपल्याकडे तो घराघरात आहे. साखर आटोक्यात नसली की हिरड्यांचा आजार बळावतो हे बहुतेकांना माहीत असतं. उलटा रस्ता कमी लोकांना माहीत असतो. सुजलेल्या हिरड्यांतून निघणारे दाहाचे घटक रक्तात जातात आणि इन्शुलिनचं काम अवघड करतात. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीए1सी सरासरी 0.4 अंकांच्या आसपास उतरतं, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलं आहे. एखाद्या जादा गोळीनं साधावा तसा हा फरक आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांनी पायांबरोबर हिरड्याही पाहाव्यात, निदान विचारावं तरी, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

काही रक्त हिरड्यांच्या आजाराचं नसतंही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या थोड्या थरानंही जास्त सुजतात. अशा वेळी क्लीनिंग करून घेणं सुरक्षित आहे आणि मधले तीन महिने त्यासाठी सर्वांत सोयीचे. "आता बाळंतपण झाल्यावरच बघू" हा सासूबाईंचा सल्ला मायेचा असला तरी चुकीचा आहे. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. गोळी स्वतःहून बंद करू नये, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगावं. आणि ताप असताना, अंगावर काळेनिळे डाग असताना किंवा अचानक, न घासताच हिरड्यांतून रक्त वाहू लागलं तर दंतवैद्याची वाट न धरता आधी दवाखाना गाठून रक्त तपासावं. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या की असं होतं, आणि रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूणही कधी कधी हिरडीवर दिसते.

उपचाराचं लेखिकेनं सांगितलंच आहे, मी एवढंच म्हणेन की सुरुवातीच्या टप्प्यावर तो फार साधा असतो. एक किंवा दोन बैठकांत क्लीनिंग, मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून दोन मिनिटं घासणं, आणि दोन दातांच्या मधल्या जागेसाठी छोटा ब्रश किंवा दोरा. अँटिबायोटिक लागत नाही. मेडिकलमधून स्वतःहून आणलेलं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश महिनोन्‌महिने वापरलं तर दात तपकिरी होतात. मीठ-हळद चोळून कीटण निघत नाही.

खर्चाची अडचण खरी आहे आणि गावाकडे तज्ज्ञ नसतो हेही खरं. पण प्रत्येक दंत महाविद्यालयात हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 पासून आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय महाविद्यालयांत तपासणी आणि क्लीनिंग अगदी कमी पैशांत होतं. रांग असते, वेळ जातो. हाती काम करणारे विद्यार्थी असतात, पण त्यांच्या मागे शिक्षक उभे असतात आणि घाईत उरकलेल्या भेटीपेक्षा तिथलं मोजमाप मला पुष्कळदा अधिक काळजीपूर्वक झालेलं दिसलं आहे.

शेवटी, तरुण मुलांच्या आईवडिलांसाठी. या आजाराचा एक प्रकार वयात येतानाच सुरू होतो. तो पुढचे दात आणि पहिल्या कायमच्या दाढा यांच्याभोवतीचं हाड झपाट्यानं खातो आणि वरून पाहता दात स्वच्छ दिसतात. कीटण नाही, सूज नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. तो घराण्यात चालतो. ज्या घरात आईचे किंवा वडिलांचे दात तिशी-पस्तिशीतच हलून पडले, तिथं मुलांना दहावीच्या आसपास एकदा तज्ज्ञाकडे नेऊन प्रोबनं मोजून घ्यावं, गरज वाटली तर दाढांचा एक्स-रे काढावा, आणि एका भावंडात तो सापडला तर बाकीच्यांनाही त्याच आठवड्यात घेऊन जावं.